डावं कुलूप

चंडीमंदिर
३ मार्च २०२५

काकू,

रोज दुकानात भेटणाऱ्या माणसाला पत्र लिहायचं म्हणजे विचित्रच. पण फोन केला असता तर तुमचा आवाज ऐकून मी पुन्हा गप्प बसले असते, आणि समोर आले असते तर तुम्ही चहा टाकला असतात. म्हणून हे.

सर्वेशची पोस्टिंग आली. पूर्वेकडे, फील्डवर. तिथं कुटुंब नेता येत नाही. मी महिनाअखेरीला पुण्याला आईकडे जाते आहे, तेव्हा दुकान सोडावं लागणार.

या पंजाबी मुलखात, खरडच्या बाजारात आपण दोघींनी हा गाळा घेतला तेव्हा मला वाटलं नव्हतं की मी मधेच उठून जाईन. कॉलेजची मराठी पोरं भाजणीच्या वासावर दुकान शोधत आली, तो पहिला आठवडा मी विसरणार नाही. करार तीन वर्षांचा आहे आणि अजून सव्वा वर्ष बाकी आहे, हे मला माहीत आहे. पण पोस्टिंगपुढे इलाज नसतो.

आम्हा फौजेतल्या बायकांची एक सवय असते. क्वार्टर सोडताना माणूस येतो, पंखे-बल्ब-नळ मोजतो, चावी घेतो, की आपण मोकळ्या. मार्चिंग आउट म्हणतात त्याला. दुकानाचंही मी तसंच करते आहे. शटरच्या डाव्या कुलपाची चावी या पाकिटात आहे. उजवी तुमच्याकडे आहेच. मोठी कढई, डबे, वजनकाटा सगळं तुमच्याकडे राहू दे. मागच्या फळीवर एक डबा भाजणी भाजून ठेवलीय, दळायची राहिली.

आता दुकानाशी माझं देणं-घेणं संपलं, असं धरावं.

तुमची
रागिणी


खरड
९ मार्च २०२५

रागिणीला काकूचे आशीर्वाद, थोडा राग धरून का होईना.

तू स्कूटीवर तासाभरात यायचीस, आणि तुझं पत्र मात्र सगळा प्रदेश फिरून आल्यासारखं आलं. पाकिटातून चावी खळकन पडली तेव्हा मला आधी वाटलं, तू काहीतरी गंमत केलीस. मग वाचलं. रडले का, तर रडले थोडी. दुकानात गिऱ्हाईक होतं म्हणून आवरलं.

पण जायचं तिथं जायलाच हवं. माझा सगळा संसार सरकारी क्वार्टरमध्येच झाला, हे तुला ठाऊक आहे. ह्यांची नोकरी सेक्टर एकोणचाळीसच्या संस्थेत, घर संस्थेचं, नळ गळला तरी चिठ्ठी लिहून द्यायची. हे रिटायर झाले तेव्हा ऑफिसात चावी दिली, शिपायानं सही घेतली, संपलं. आयुष्यात भाड्याची जागा म्हणून घेतली ती ह्यांच्या मागे, तुझ्याबरोबर, ही पहिलीच. त्यामुळे तुझी रीत मला पटली. चावी मिळाली, तू मोकळी. मी सांगते ना.

बलकारजींनाही कालच सांगून टाकलं. गाळ्याचे मालक ते, त्यांच्या कानावर असलेलं बरं. ते म्हणाले, "कोई गल नहीं जी, फौजियों का तो आना-जाना लगा रहता है." आणि लस्सी मागवली. म्हणजे तिकडूनही पक्कं झालं. भाडं मी एकटी ओढीन, तू त्याचा विचार डोक्यात आणू नकोस.

तुझी चावी कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवली आहे. त्या डब्याचं बघते. तू नेहमी थोडी कच्ची ठेवतेस, तेव्हा एकदा परतून घेईन आणि मग दळीन.

जाण्याआधी एकदा येऊन जा. चहा टाकणार नाही, शपथ.

तुझी
काकू


पुणे
११ जून २०२५

काकू,

जाण्याआधी आले नाही. ट्रक आला, सामान, इराची शाळा, आणि दिवस गेले. रागावला असाल.

मला इथे एका शाळेत नोकरी मिळाली आहे. पाचवी-सहावीला विज्ञान. इराला इथल्या मुलांचं मराठी भराभर कळतं, उत्तर मात्र ती हिंदीत देते, आणि वर्गातली पोरं तिला 'पंजाबी' म्हणतात. ती चिडत नाही, उलट ऐटीत फिरते.

तुम्हाला दोन-तीनदा फोन केला. उचलला नाहीत. दुकानात गर्दी असेल, असं समजते. एक सांगायचं राहिलं होतं. डाव्या कुलपाखाली नालीवरची फरशी हलते. मी एक पाय पायरीवर ठेवून वाकायचे. तुम्ही नेहमी उजव्या बाजूला असायचात, म्हणून तुम्हाला माहीत नसेल. जपा.

दुकान कसं चाललंय?

रागिणी


खरड
२८ जुलै २०२५

चि. रागिणी,

उत्तराला उशीर झाला. अक्षर वाकडं दिसेल, पेन नवं आहे, अजून हाताला बसत नाही.

शाळेचं ऐकून फार बरं वाटलं. तुझ्या हातात खडू शोभेल. इराला म्हणावं, पंजाबी म्हणवून घ्यायचं तर आधी मक्याची रोटी थापायला शिक.

दुकान छान चाललंय. या खेपेची भाजणी पोरांना फारच आवडली. लातूरचा एक मुलगा आहे, चष्मेवाला, तो पाकीट संपवून लगेच परत आला आणि म्हणाला, "काकू, ही अगदी घरच्यासारखी आहे, आधीची जरा करपल्यासारखी लागायची." मी म्हटलं, हवेचा गुण असेल. पावसाळी हवेत धान्य वेगळं वागतं.

चंडीमंदिरची मंजुषा येत असते, ती सुभेदारसाहेबांची बायको, मेतकूट न्यायची ती. तिचे यजमान वर्षअखेरीला रिटायर होताहेत, आणि खरडलाच फ्लॅट घेतलाय त्यांनी. बोलता बोलता ती म्हणाली, फील्डवर गेलेल्यांच्या कुटुंबाला हवं तर मागचं क्वार्टर काही काळ ठेवता येतं. मी म्हटलं, असेल रागिणीची काही अडचण. असेल ना गं? विचारत नाही, मनात आलं म्हणून लिहिलं.

नालीच्या फरशीचं तू कळवलंस, बरं केलंस. पत्र जरा उशिरा मिळालं.

तुझी
काकू


पुणे
१९ सप्टेंबर २०२५

काकू,

हे पत्र रागात लिहिते आहे. थंड झाल्यावर लिहायला हवं होतं, पण थंड झाले की मी खोटं लिहिते, असा माझा अनुभव आहे.

बलकारजींच्या वकिलाची नोटीस आली. करारावर माझा पत्ता सर्वेशच्या युनिटचा होता. पाकीट जुन्या युनिटमधून नव्या युनिटमध्ये गेलं आणि तिथं ऑफिसातच उघडलं गेलं. भाडं थकल्याबद्दल मेजरसाहेबांच्या पत्नीला नोटीस, हे त्याच्या हाताखालच्या क्लार्कनं त्याच्या आधी वाचलं. सर्वेश फोनवर फक्त म्हणाला, "तू तर सुटली होतीस ना?"

जूनपासून भाडं गेलेलं नाही. आणि जुलैत तुम्ही लिहिता, दुकान छान चाललंय.

इथं विनया म्हणून माझी वकील मैत्रीण आहे. तिनं करार वाचला. त्यात आपण 'संयुक्तपणे आणि स्वतंत्रपणे' जबाबदार आहोत. म्हणजे निम्मं-निम्मं नाही. मालक सगळंच्या सगळं भाडं दोघींपैकी हवं तिच्याकडून मागू शकतो. मी तुम्हाला चावी दिली, हा आपल्या दोघींमधला मामला झाला. मालकाचा हक्क त्यानं सुटत नाही आणि मीही सुटत नाही. चावी त्यांच्या हातात जायला हवी होती, त्यांनी ती घ्यायला हवी होती आणि मोकळी केल्याचं लिहून द्यायला हवं होतं. तुम्ही मला 'तू मोकळी' म्हणालात. तुमच्या हातात नसलेली गोष्ट तुम्ही मला दिलीत, आणि मीही वेड्यासारखी घेतली.

मंजुषा खरं बोलली. क्वार्टर ठेवता आलं असतं. पोस्टिंग खरी होती, पण ती निमित्त होती. मला त्या दुकानातून निघायचं होतं, आणि तुमच्या तोंडावर ते सांगता येत नव्हतं.

का ते विचारू नका म्हणणार होते, पण लिहितेच. मी भाजलेली प्रत्येक खेप तुम्ही पुन्हा परतायचात. रोज. मी समोर उभी असताना. "थोडी कच्ची राहिली गं," म्हणायचात, प्रेमानं, आणि कढई तुमच्याकडे ओढायचात. गिऱ्हाइकं काकूंचं दुकान म्हणायची, तुम्ही हसायचात. दोन वर्षांत एकदाही माझ्या हातची भाजणी माझ्या हातची म्हणून विकली गेली नाही. त्या दुकानात मी अर्धीसुद्धा नव्हते, काकू. आणि कागदावर मात्र पूर्ण.

आता काय करायचं ते सांगा.

रागिणी


खरड
२७ सप्टेंबर २०२५

रागिणी,

तुझं पत्र वाचलं, घडी घालून ठेवलं, पुन्हा काढून वाचलं. आशीर्वाद लिहिण्याची आज हिंमत नाही, पण आहेत.

आधी जे लपवलं ते सांगते. मेअखेरीला मी दुकान बंद करताना डाव्या कुलपापाशी वाकले. फरशी हलली. उजवं मनगट मोडलं. प्लास्टर होतं तोवर दुकान बंदच होतं. फोन उचलला नाही तो त्यामुळेच, तुला आवाजावरून कळलं असतं. अंशुमनलाही सांगितलं नाही, तो कॅनडातून 'आई, बंद कर ते दुकान' एवढंच म्हणाला असता. पेन नवं नव्हतं, हात जुना होता. मला वाटलं, हात बरा झाला की दोन महिन्यांत भाडं भरून काढीन, कोणाला कळणारही नाही. त्यात तुझ्या नवऱ्याचं नाव ऑफिसात निघेल, हे माझ्या स्वप्नातही नव्हतं. मला खरंच वाटत होतं की कागदावर आता मी एकटीच आहे.

काल बलकारजींकडे गेले. भांडायलाच गेले होते. म्हटलं, तुम्ही मार्चमध्ये 'कोई गल नहीं' म्हणालात, आता ही नोटीस कसली? ते बिचारे खुर्चीतून उठले. म्हणाले, "बहनजी, वो तो मैं सबको कहता हूँ. बेटी की पोस्टिंग सुनी तो तसल्ली दी थी. छोड़ने की बात आपने की कब थी?"

आणि बघ, खरंच मी केली नव्हती. मी म्हटलं होतं, रागिणी जाते आहे. तिला कागदावरून सोडता का, हे विचारलंच नव्हतं. इतकी वर्षं या मुलखात काढली, 'कोई गल नहीं' कितीदा ऐकलं. कोणाचा धक्का लागला तरी म्हणतात, कोणाचे सासरे गेले तरी म्हणतात. आणि मी त्याचा करार करून बसले.

मग त्यांनी हात पुढे करून, जसं लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं: "दस्तखत दो ने किए. मेरे लिए आप आधी-आधी नहीं हो, दोनों पूरी हो."

त्यांचं हे बोलणं आणि तुझ्या पत्रातली ती ओळ, दोन्ही एकाच आठवड्यात माझ्या पदरात पडली. गाळ्याच्या मालकाला जे ठाऊक होतं, ते मला ठाऊक नव्हतं. तू पूर्ण होतीस. मी तुला मदतनीस समजत होते, आणि त्यालाच माया म्हणत होते.

वाटा दोनच दिसतात. एक, गाळा रिकामा करून दोघींनी मिळून चाव्या त्यांच्या हातात द्यायच्या. थकलेलं भाडं भरलं तर ते मुदतीआधीही सोडायला तयार आहेत. दुसरी, तुझ्या जागी त्यांना पटेल असं दुसरं कोणी आणायचं आणि नवा कागद करायचा. माझ्या एकटीच्या नावानं ते करत नाहीत. वयाकडे बघतात, तोंडानं बोलत नाहीत.

दुसरं कोणी मिळालं नाही तर मी गाळा सोडीन. तुझं नाव त्या कागदावर माझ्यामुळे एक दिवसही जास्त राहायला नको.

काकू


पुणे
८ ऑक्टोबर २०२५

काकू,

हात आता कसा आहे ते आधी कळवा. एकटीनं शटर ओढू नका.

गाळा सोडू नका. संस्थेतलं घर सुटल्यावर तुम्ही दोन वर्षं खिडकीत बसून काढलीत, हे तुम्हीच मला सांगितलं होतं. पुन्हा त्या खिडकीत जाऊन बसू नका.

मी सर्वेशशी बोलले. थकलेल्या भाड्यातला निम्मा वाटा तुमच्या खात्यात पाठवला आहे, आणि सोबत एक कागद आहे. विनयानं लिहून दिलाय, मी सही केली आहे. करार संपेपर्यंत मी त्यावर आहे तशीच राहीन. भाडं तुम्ही भरा, काही अडलं तर मी आहे. मागच्या वेळी न समजता बांधली गेले होते. आता समजून राहते. त्यात फरक आहे, असं मला वाटतं.

रागात जे लिहिलं ते खरं होतं. पण दुकानाबद्दल तेवढंच खरं नव्हतं, तेही लिहायला हवं होतं.

रागिणी


खरड
२३ नोव्हेंबर २०२५

चि. रागिणीस,

आज आशीर्वाद भरभरून, कारण कामं झाली आहेत.

तुझे पैसे घेतले. भाडं थकलं तेव्हा कागदावर तूही होतीस, तो वाटा तुझाच होता. तो नाकारला असता तर पुन्हा तुला लहान केल्यासारखं झालं असतं. पण सहीचा कागद परत पाठवते आहे. फाडला नाही, फाडायचा तर तुझ्या हातानं फाड. तू समजून राहते म्हणालीस, त्यानं मला जे बळ आलं ते सांगता येत नाही. मात्र तुला निघायचं होतं. आधी निघ तर खरी. तुझ्या जाण्याला मी एकदा लस्सीवर निरोप दिला, आता नीट देऊ दे.

मंजुषा येते आहे दुकानात. मीच विचारलं. अंगणात वाळवण घालून बसली होती, तिथं जाऊन आधी सगळं खरं सांगितलं: मनगट, नोटीस, आणि तू का गेलीस तेही. तिनं वाळवणाची एक ओळ उलटून घातली. मग म्हणाली, "काकू, मी येते, पण माझी कढई वेगळी असेल." मी हो म्हटलं. तिच्या यजमानांनी कागदाची ओळ न् ओळ वाचली आणि एक कलम घालायला लावलं, की दोघींपैकी कोणाला निघायचं असेल तर तीन महिने आधी मालकाला लेखी कळवायचं, बदली माणूस आणायचा, आणि मालकानं लिहून दिल्याशिवाय कोणी सुटलं असं समजायचं नाही. बलकारजी म्हणाले, हे पहिल्या वेळीच लिहायला हवं होतं. मी म्हटलं, पहिल्या वेळी आम्ही क्वार्टरवाल्या होतो.

जुना करार तिघांच्या संमतीनं संपला. तो संपवल्याचा जो कागद मी मागे सहीला पाठवला होता, तो तुझ्या सहीनिशी वेळेवर पोचला. बलकारजींची सही झालेली तुझी प्रत या पाकिटात आहे, ती जपून ठेव. त्यात स्पष्ट लिहिलंय की रागिणीकडून मागचं-पुढचं काही येणं नाही. सर्वेशला म्हणावं, हवं तर त्याच्या क्लार्कला वाचायला दे.

कॅलेंडरच्या खिळ्यावरची चावी काढली, पुसली आणि बलकारजींच्या हातात दिली. ते ती लगेच मंजुषाला देणार होते. मी म्हटलं, थांबा जी, आधी खिशात घाला. ते हसले, पण खिशात घातली. चहा झाला, मग काढून तिला दिली. आता तुझं मार्चिंग आउट झालं.

नालीची फरशी बसवून घेतली. सकाळी मंजुषा डावीकडे वाकते, मी उजवीकडे. ती तिच्या कढईत भाजते. मला वास येतो, अजून दोन मिनिटं हवी होती असं जिभेवर येतं, आणि मी उठून काउंटर पुसायला लागते. काउंटर हल्ली फार स्वच्छ असतो आपला.

एक शेवटचं. जुलैत तुला लिहिलं होतं की त्या खेपेची भाजणी पोरांना फार आवडली, आणि मी ते हवेवर घातलं. हवा नव्हती ती. प्लास्टर नुकतं निघालं होतं, हातात उलथनं धरवत नव्हतं. मागच्या फळीवरचा तुझा डबा मी तसाच दळला. परतता आलंच नाही मला. चष्मेवाला पोरगा ती घरच्यासारखी म्हणाला तेव्हाच मला कळलं होतं, आणि तरी तुला हवेचं लिहिलं.

काल त्यातलं उरलेलं मूठभर पीठ घेतलं आणि स्वतःपुरतं एक थालीपीठ लावलं. सावकाश खाल्लं.

ती कच्ची नव्हती, रागिणी.

तुझी
शशिकलाकाकू